पुढचा प्रशिक्षक कोण?

सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जवळ आली, की पॅनेलची जुळवाजुळव सुरू होण्याआधीच एक प्रश्न चहाच्या टपरीवर आणि एसटीच्या बाकांवर फिरू लागतो : 'यंदा चेअरमन कोण?' धाराशिव जिल्ह्यातील ढोकीच्या तेरणा कारखान्याचा सभासद असो, की कोल्हापूरकडचा ऊस उत्पादक, या प्रश्नावर प्रत्येकाकडे स्वतःची अशी 'आतली खबर' असते. कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी दिसली, कोण कोणाच्या लग्नाला गेला नाही, यावरून निष्कर्ष काढले जातात. फुटबॉलच्या जगातही असाच एक प्रश्न बारमाही विचारला जातो. तो म्हणजे, आपल्या क्लबचा पुढचा प्रशिक्षक कोण? खबरा मिळवण्याची आणि त्यांचा अर्थ लावण्याची रीतही बरीचशी तीच आहे. फरक एकच, पण तो मोठा आहे. कारखान्याच्या सभासदाला मत असते. फुटबॉल क्लबच्या पाठीराख्याला भारतात तरी ते नसते. तो तिकीट काढतो, जर्सी विकत घेतो, पावसात उभा राहून घोषणा देतो; निर्णय मात्र मालक घेतात आणि तो त्याला सकाळच्या वृत्तपत्रातून किंवा मोबाइलवर समजतो. हातात काहीच नसल्यामुळे तो तर्क लढवतो.

सुरुवातीलाच शब्दांचा घोळ निस्तरलेला बरा. इंग्लंडमध्ये या पदाला 'मॅनेजर' म्हणतात, कारण तेथे खेळाडूंची निवड, डावपेच आणि पूर्वीच्या काळी तर खरेदी-विक्रीही एकाच माणसाच्या हाती असे. युरोपच्या अन्य देशांत सरावाची जबाबदारी 'कोच'कडे आणि खेळाडूंच्या खरेदीची संचालकाकडे, अशी वाटणी रुळली. भारतात दुसरी पद्धत आली. आपल्याकडे 'टीम मॅनेजर' म्हणजे रेल्वेची तिकिटे, हॉटेलच्या खोल्या आणि बुटांच्या पेट्या सांभाळणारा गृहस्थ; त्याच्या नेमणुकीवर कोणी पैज लावत नाही. म्हणून मराठी वृत्तपत्रांनी 'मुख्य प्रशिक्षक' हा शब्द पत्करला, आणि येथेही तोच वापरला आहे.

तर्कबाजीचा धंदा झाला तो इंग्लंडमध्ये. हंगामात सर्वांत आधी कोणत्या प्रशिक्षकाची गच्छंती होईल, यावर तेथील परवानाधारक सट्टेबाज रीतसर भाव लावतात आणि तो भाव कोसळला, की तीच बातमी होते. तरीही अंदाज किती पोकळ ठरू शकतात, याची उदाहरणे तेथेच अधिक सापडतात. १९९६ मध्ये जपानमधील नागोया ग्रॅम्पस एट या संघाचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर आर्सेनलमध्ये आले, तेव्हा 'हा आर्सेन कोण?' अशा अर्थाचा मथळा लंडनच्या एका सायंदैनिकाने दिला होता. त्या अनोळखी माणसाने पुढे २२ वर्षे आर्सेनल चालवले. उलट, मे २०१३ मध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हिड मॉयस यांचे नाव जाहीर झाले. तर्काला वावच उरला नाही. फर्ग्युसन यांनी स्वतः निवडलेला वारस, सहा वर्षांचा करार, सारे काही ठरलेले होते. मॉयस यांना वर्ष पुरे होण्याआधीच, एप्रिल २०१४ मध्ये जावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या पाठीराख्यांनी झाबी अलोन्सो यांना मनोमन नियुक्त करून टाकले होते. अलोन्सो लिव्हरपूलचेच माजी खेळाडू. दोनच महिन्यांत त्यांनी आपण लेव्हरकुसेनमध्येच राहणार असल्याचे सांगितले आणि आले आर्ने स्लॉट. पहिल्याच हंगामात लिव्हरपूल विजेता ठरला, हे विशेष.

गोवा : अव्वल स्थानी असताना निरोप

मराठी वाचकाला जवळची उदाहरणे हवी असतील, तर मांडवी ओलांडावी लागते. गोव्यात फुटबॉल हा गावचा खेळ आहे. मात्र प्रशिक्षक कोण, या प्रश्नाची चर्चा तेथे पूर्वी फारशी होत नसे. दिंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हे क्लब उद्योजक वा राजकीय घराण्यांचे. मालकाच्या शब्दावर कारभार चाले आणि चांगला प्रशिक्षक मिळाला, की तो वर्षानुवर्षे टिके. आर्मांडो कुलासो यांच्या हाताखाली दिंपोने दोन राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तीन आय-लीग अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. असा माणूस बाकावर बसलेला असताना 'पुढचा कोण' हे विचारण्याची गरज कोणाला वाटणार?

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. एफसी गोवा हा नवा संघ आला. त्याचे पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. त्यांच्या नावाचे वलयच इतके मोठे, की २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर चेन्नईयनकडून २-३ अशी हार पत्करूनही त्यांच्यावरचा लोभ कमी झाला नाही. २०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. बार्सिलोनाच्या मुशीतून घडलेले, चेंडू पायाशी ठेवून खेळण्याचा आग्रह धरणारे. त्यांच्या काळात संघाने गोल उधळले, २०१९ मध्ये लीगचा अंतिम सामना गाठला आणि त्याच वर्षी सुपर कप जिंकला. फातोर्ड्याच्या 'ईस्ट लोअर' भागात उभे राहणाऱ्या पाठीराख्यांना लोबेरा आपले वाटू लागले होते.

आणि मग जानेवारी २०२० अखेर, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना आणि साखळीतील अवघे तीन सामने उरले असताना, क्लबने लोबेरा यांना निरोप दिला. संघ तळाशी असताना प्रशिक्षक बदलला जातो, हे पाठीराखा समजू शकतो. शिखरावर असताना का, हे त्याला समजत नाही. कराराचे बोलणे, व्यवस्थापनाशी मतभेद, पुढील हंगामाची आखणी अशा अनेक गोष्टी बंद दाराआड घडत असतात आणि बाहेर येते ते चार ओळींचे निवेदन. एरवी मोसमाच्या शेवटी रंगणारी तर्कबाजी त्या वर्षी ऐन मोसमात भडकली.

उरलेल्या तीन सामन्यांसाठी सूत्रे क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली. ते गोव्याचेच, दिंपोचे आणि भारताचे माजी खेळाडू. हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२ आणि जमशेदपूरवर त्यांच्याच मैदानात ५-० असे तीन विजय मिळवून गोव्याने साखळीतील पहिला क्रमांक पक्का केला. या कामगिरीमुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयनने त्यांना दोन सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर ६-५ असे रोखले. पुढच्या हंगामाचा प्रशिक्षक म्हणून क्लबने स्पेनचे हुआन फेरांडो यांना निवडले.

मिरांडा यांच्या वाट्याला हा योग पुन्हा एकदा आला. २०२३ मध्ये ओडिशा एफसीचे हंगामी प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुपर कप जिंकून दिला. कोझिकोडच्या अंतिम सामन्यात बंगळूरूवर २-१ अशी मात केली. त्यानंतर ओडिशाने कायम प्रशिक्षक नेमला, तो सर्जिओ लोबेरा यांना. तीन वर्षांपूर्वी लोबेरा गेल्यावर मिरांडा आले होते, या वेळी मिरांडांनी चषक दिल्यावर लोबेरा आले. करंडक हातात घेतलेल्या हंगामी प्रशिक्षकालाही 'हंगामी' या विशेषणातून सुटका मिळत नाही, ही भारतीय प्रशिक्षकांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

फेरांडो यांचे जाणे आणखी वेगळे. त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये गोव्याला ड्युरँड कप मिळवून दिला आणि डिसेंबरमध्ये, हंगाम सुरू असतानाच, एटीके मोहन बागानने करारातील मुक्ततेच्या कलमाचा आधार घेऊन त्यांना उचलले. तेव्हापासून गोव्यात नव्या प्रशिक्षकाचे नाव जाहीर झाले, की जाणकार पाठीराखे पहिला प्रश्न विचारतात तो मुक्ततेच्या कलमाचा. फेरांडो यांच्या जागी डेरिक परेरा आले. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून देणारे हे गोमंतकीय प्रशिक्षक अडीअडचणीला नेहमी हाक मारावी असे. पण पुढच्या वर्षी पुन्हा स्पेनचेच कार्लोस पेन्या, आणि २०२३ पासून मानोलो मार्केझ.

मुंबई : मेलबर्नच्या बाकावर नजर

लोबेरा यांचे गोव्याशी असलेले नाते तुटले, पण त्यातून मुंबईची कथा सुरू झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई सिटीने त्यांना नेमले. पाठोपाठ मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस हे त्यांचे गोव्यातील खंदे खेळाडूही मुंबईच्या निळ्या जर्सीत दिसले. करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टी शूटआउटवर हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावर एटीके मोहन बागानला २-१ असे नमवून विजेतेपद पटकावले. साखळीतील अव्वल स्थान आणि चषक एकाच हंगामात मिळवणारा हा पहिला क्लब. हाकललेला प्रशिक्षक जुन्याच मैदानावर करंडक उंचावतो आणि तेथे टाळी वाजवायला किंवा हळहळायला एकही प्रेक्षक नसतो, हे दृश्य कादंबरीतही खोटे वाटले असते.

मुंबई सिटीच्या आधीच्या प्रशिक्षकांची यादी पाहिली, तर तर्काला कसलाच धागा सापडत नाही. २०१४ मध्ये इंग्लंडचे पीटर रीड, २०१५ मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत फ्रान्सचे निकोला अनेल्का, मग कोस्टा रिकाचे अलेक्झांडर गिमारायस, २०१८ मध्ये पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा. चार नावे, चार देश आणि फुटबॉलचे चार वेगळे विचार. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि नेमणुकांना प्रथमच एक दिशा मिळाली. २०२१ मध्ये लोबेरा गेले ते चीनमधील सिचुआन जिउनिऊकडे, म्हणजे याच समूहाच्या दुसऱ्या क्लबकडे. त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम हे समूहाच्याच मेलबर्न सिटीत साहाय्यक प्रशिक्षक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि डिसेंबरात आले पीटर क्रॅत्की. तेही मेलबर्न सिटीचे साहाय्यक. म्हणजे मुंबईचा पुढचा प्रशिक्षक ओळखायचा, तर अंधेरीच्या मैदानाकडे नव्हे, मेलबर्नच्या राखीव बाकाकडे पाहावे, हा धडा 'वेस्ट ब्लॉक'मधील पाठीराखे शिकले.

दोन्ही नेमणुका यशस्वी ठरल्या. बकिंगहॅम यांच्या संघाने एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला, पुढच्या हंगामात साखळीत अव्वल स्थान मिळवले. क्रॅत्की यांनी मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक आणला. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र सिटी समूहाने मुंबईतील आपला हिस्सा सोडला. त्याबरोबर मेलबर्नची ती खिडकीही बंद झाली. यापुढच्या नेमणुकीचा अंदाज बांधताना मुंबईकरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार आहे.

घरचा माणूस

परदेशी प्रशिक्षकांच्या या रांगेत एका मुंबईकराचे नाव दीर्घकाळ केवळ 'संकटमोचक' म्हणून घेतले गेले. खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा. खेळाडू म्हणून कारकीर्द महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. मुंबई सिटीशी या क्लबचा संबंध नाही; कूपरेजवर खेळणारा, तुटपुंज्या खर्चात चालणारा हा संघ दरवर्षी आय-लीगच्या तळाशी गटांगळ्या खाई आणि जमील त्याला दरवर्षी बुडता बुडता वाचवीत. सात हंगाम हा प्रकार चालला. २०१६ मध्ये ते गेले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसीची पदावनती झाली आणि २०१७ मध्ये क्लबचा गाशा गुंडाळला गेला.

त्याच हंगामात जमील मिझोरममधील ऐझॉल एफसीला मार्गदर्शन करीत होते. ऐझॉलची तर आधीच पदावनती झाली होती. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतल्यामुळे त्यांना परत घेण्यात आले होते. जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे काही खेळाडू जमील यांच्यासह तेथे गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. सुपर लीगच्या मालकांना तरीही विश्वास वाटायला वेळ लागला. नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना आधी हंगामी म्हणून बसवले, त्यांनी संघ बाद फेरीत नेला, आणि मग त्याच वर्षी पूर्ण वेळ नेमले. सुपर लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

जुलै २०२५ मध्ये मानोलो मार्केझ यांनी भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सोडले. गोवा आणि भारत अशी दुहेरी जबाबदारी ते वर्षभर सांभाळत होते. गोव्याला त्यांनी मे २०२५ मध्ये सुपर कप मिळवून दिला, अंतिम सामन्यात ३-० अशी मात केली ती जमील यांच्याच जमशेदपूरवर. भारताच्या वाट्याला मात्र त्या वर्षभरात एकच विजय आला. रिक्त पदासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले आणि त्यात बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी यांचेही नाव असल्याची बातमी फुटली. दोन दिवस देशभर दुसरा विषय नव्हता. त्यांचे मानधन महासंघाला झेपेल का, यावर गंभीर चर्चा झडल्या. मग महासंघानेच खुलासा केला, की झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावाने आलेले ई-मेल खरे नव्हते. एका विद्यार्थ्याने केलेली ती थट्टा होती. थट्टा करणाऱ्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल ती अधिक सांगून गेली.

अखेरच्या यादीत तीन नावे राहिली : पूर्वी दोनदा भारताचे प्रशिक्षक राहिलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि जमील. १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांची निवड झाली. २०११-१२ मधील गोव्याच्या साव्हियो मेडेरा यांच्यानंतर हे पद पूर्णवेळ भूषवणारे ते पहिले भारतीय. सुरुवात झोकात झाली. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आणि ओमानला पेनल्टीवर नमवून संघाने काफा नेशन्स कपमध्ये तिसरे स्थान मिळवले. पण १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनेही १-० असे हरवले. ज्यांनी ऑगस्टमध्ये 'घरचा माणूस' म्हणून आनंद व्यक्त केला, त्यांच्यातच पुन्हा कुजबूज सुरू झाली. अर्थात पात्रता फेरीची घसरण मार्केझ यांच्या काळातच सुरू झाली होती, हे विसरता कामा नये. दोन महिन्यांत संघ बदलतो, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांना ऐझॉलचे पूर्ण वर्ष आठवत नाही.

अंदाज कशावरून बांधतात?

अनुभवी पाठीराख्यांच्या काही खुणा ठरलेल्या आहेत. व्यवस्थापनाने प्रशिक्षकावर 'पूर्ण विश्वास' असल्याचे पत्रक काढले, की दिवस भरले असे समजावे. ज्याच्यावर खरोखर विश्वास असतो, त्याच्यासाठी पत्रक काढावे लागत नाही. दुसरी खूण कराराची. करार संपायला सहा महिने उरले आणि नूतनीकरणाची बातमी नाही, तर दोघांपैकी एकाने दुसरीकडे बोलणी सुरू केलेली असतात. तिसरी खूण दलालांची. अनेक नावे वृत्तपत्रांत येतात ती क्लबकडून नव्हे, तर प्रशिक्षकाच्या प्रतिनिधीकडून. आपल्या माणसाला मागणी आहे असे दिसले, की सध्याच्या मालकाकडून मानधन वाढवून घेता येते. परवान्याचा प्रश्न पाठीराखे सहसा विसरतात. आशियाई महासंघाच्या नियमांनुसार वरच्या स्तरावर प्रो परवाना लागतो. लाडक्या माजी खेळाडूचे नाव पुढे करण्याआधी तो त्याच्याकडे आहे का, एवढे पाहिले तरी निम्मे तर्क गळून पडतील.

या साऱ्या खुणा फोल ठरतात, त्याही याच पाठीराख्यांच्या साक्षीने. मार्केझ २०२५ च्या मे महिन्यात गोवा सोडणार म्हणून चाहत्यांनी निरोपाची भाषा सुरू केली होती. महिन्या-दोन महिन्यांत ते त्याच बाकावर परतले आणि डिसेंबरात गोव्याने ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून पुन्हा सुपर कप जिंकला. लोबेरांचे गलबतही नोव्हेंबर २०२५ मध्ये मोहन बागानच्या धक्क्याला लागले. ज्या क्लबला हरवून त्यांनी मुंबईत नाव कमावले, तोच हा क्लब.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळाचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत असतात. तर्क तेथेही लढवले जातात, पण ते प्रामुख्याने खेळाडूंबद्दल : नोंदणीच्या वेळी कोण कोणती तालीम सोडणार आणि बाहेरून कोणता परदेशी येणार. प्रशिक्षक बहुधा तालमीचाच जुना खेळाडू असतो. सामना हरला, तर त्याला जाब विचारायला मालकाच्या निवेदनाची वाट पाहावी लागत नाही. संध्याकाळी तो त्याच गल्लीतून घरी जातो.